ठशांची तारीख नेमकी लग्नाच्या आठवड्यात आली: दत्तकाच्या बायोमेट्रिक्सबद्दल सविस्तर

आधी एक सांगते, तुमची केस बिघडलेली नाहीये. तुमच्या लिहिण्यात चार प्रश्न एकमेकांत गुंतलेत म्हणून ते डोंगराएवढं वाटतंय, ते सुटे करून मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही ओहायोत राहता, मिस्टर अमेरिकन सिटिझन, तुम्ही ग्रीन कार्डवर. भारतातून मूल दत्तक घ्यायचंय, होम स्टडी (सोशल वर्करने घराची पाहणी करून लिहिलेला अहवाल) झालाय, आय-८००ए फॉर्म (दत्तक घ्यायला तुम्ही योग्य आहात अशी मंजुरी मागणारा) पाठवलाय, आणि आता यूएससीआयएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याकडून, दोघांना बोटांचे ठसे द्यायला या म्हणून नोटीस आलीये. तारीख पडलीये नेमकी त्या आठवड्यात ज्यात तुम्ही सांगलीला दिराच्या लग्नाला निघालाय. तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करता आणि मागे ग्रीन कार्डच्या वेळी तुमचे ठसे दोनदा परत आले होते. घरात सासू-सासरे आहेत पण त्यांच्या नावाने काहीच आलेलं नाही. आणि शेवटी तुम्ही थोड्या वैतागून विचारलंय की उन्हाळ्यात होम स्टडीसाठी ठसे दिलेच होते की, मग परत कशाला?

मी ओहायोतच सोशल वर्कर आहे, गेली १४ वर्षं दत्तकासाठीचे होम स्टडी लिहितेय, आणि माझी स्वतःची मुलगी भारतातल्या एका शिशुगृहातून घरी आलीये, म्हणजे त्या काचेवर बोटं टेकवून मीही उभी राहिलेय. अनुभवाने सांगते, ठसे देणं हे पंधरा-वीस मिनिटांचं काम. लोक बोटांची काळजी करतात आणि तारखांचं गणित आणि घरातली माणसं याकडे बघतच नाहीत, अडतं ते तिथे.

'परत कशाला' हे आधी घेते कारण हा घोळ जवळजवळ प्रत्येक जोडप्याचा होतो. उन्हाळ्यात दिलेले ठसे राज्यासाठी होते. ओहायोत दत्तक घेणाऱ्या माणसाचा बीसीआय (राज्याचं गुन्हे तपास खातं) आणि एफबीआय असा दोन्हीकडे गुन्ह्यांच्या नोंदींचा चेक होतो, तो रिपोर्ट माझ्यासारख्या होम स्टडी करणाऱ्याकडे येतो आणि त्यावरून आम्ही लिहितो की या घरात मूल सुरक्षित राहील का. यूएससीआयएस तो रिपोर्ट वापरत नाही. त्यांना त्यांच्या सेंटरवर, त्यांच्या माणसासमोर, ओळखपत्र बघून घेतलेले ठसे लागतात आणि ते ठसे ते स्वतः एफबीआयकडे पाठवतात. ग्रीन कार्डच्या वेळचे ठसेही इथे धरू नका, ती फाईल वेगळी. आणि आधारसाठी दिलेत त्याचा तर काहीच संबंध नाही, हे मुद्दाम लिहितेय कारण सासरे-मंडळी हमखास विचारतात. फीचं म्हणाल तर पूर्वी बायोमेट्रिक्सचे ८५ डॉलर वेगळे भरावे लागायचे, १ एप्रिल २०२४ पासून ते फॉर्मच्या फीमध्येच धरलेत, त्यामुळे सेंटरवर पैसे द्यायचे नाहीत.

आता तारीख. एक गोष्ट अजिबात करू नका, ती म्हणजे 'आल्यावर बघू' म्हणून नोटीस ड्रॉवरमध्ये ठेवून विमानात बसणं. न कळवता गैरहजर राहिलात तर अर्ज तुम्ही सोडून दिला असं धरून तो नाकारता येतो, आणि मग फी, वेळ सगळं पहिल्यापासून. पण आधी कळवलंत तर तारीख बदलून मिळते. यूएससीआयएसच्या वेबसाईटवर अकाउंट काढायचं, फॉर्म कागदावर पाठवलेला असला तरी ते काढता येतं, आणि अपॉइंटमेंटच्या किमान १२ तास आधी तिथून तारीख बदलायची. १२ तासांपेक्षा कमी उरले असतील तर फोनच करावा लागतो. कारण 'सबळ' हवं असा नियम आहे, आणि त्यांनी स्वतःच दिलेल्या कारणांत आधीपासून ठरलेला प्रवास आणि लग्न या दोन्ही गोष्टी येतात, तुमच्याकडे तर दोन्ही आहेत. तिकिटाची आणि पत्रिकेची कॉपी जवळ ठेवा, मागतीलच असं नाही पण असलेली बरी.

काही जण म्हणतात की नोटीस घेऊन आधीच जा, रिकामं असेल तर घेतात. कधीकधी खरंच घेतात. पण ते त्या सेंटरवर, त्या दिवशीच्या गर्दीवर आणि समोरच्या माणसावर अवलंबून आहे, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी असा जुगार खेळू नका. आठवडाभर हातात असेल आणि सेंटर जवळ असेल तर एक चक्कर मारून विचारायला हरकत नाही, नाही म्हणाले तर सरळ घरी यायचं आणि ऑनलाईन तारीख बदलायची.

मात्र इथे एक बारीक मेख आहे, ती नीट वाचा. तुमच्यापैकी एकाने आधी जाऊन ठसे द्यायचे आणि दुसऱ्याने महिन्या-दीड महिन्याने असं करू नका. आय-८००ए ची मंजुरी १५ महिन्यांची असते हे बहुतेकांना माहीत असतं, पण ते १५ महिने मोजायला कुठून सुरू होतात हे फार कमी जणांना माहीत असतं. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवसापासून नाही. एफबीआयचं उत्तर यूएससीआयएसला मिळालं त्या दिवसापासून. आणि घरातल्या वेगवेगळ्या माणसांची उत्तरं वेगवेगळ्या दिवशी आली तर त्यातलं जे सगळ्यात आधी आलं त्या तारखेपासून. म्हणजे मिस्टरांनी ऑक्टोबरात ठसे दिले, तुम्ही डिसेंबरात दिले, फाईल तोवर तुमच्यासाठी थांबून राहिली, तरी घड्याळ ऑक्टोबरपासूनच चालू झालेलं असणार. ते दोन महिने फुकट गेले. म्हणून मी सगळ्यांना सांगते, घरातल्या सगळ्यांनी शक्यतो एकाच दिवशी, नाही तर एकाच आठवड्यात जा. दोघांचीही तारीख बदला, एकाची नको.

भारतासाठी हे १५ महिने का महत्त्वाचे ते सांगते. भारत हेग करारात (दुसऱ्या देशातून दत्तक घेण्याचे नियम ठरवणारा आंतरराष्ट्रीय करार) २००३ पासून आहे आणि अमेरिकेत तो १ एप्रिल २००८ ला लागू झाला, त्यामुळे दोन्हीकडची सरकारं आपापली पायरी झाल्याशिवाय पुढे सरकत नाहीत. तुमची मंजुरी आली की तुमची दत्तक एजन्सी कागद कारिंग्जवर, म्हणजे कारा या भारत सरकारच्या दत्तक संस्थेच्या ऑनलाईन सिस्टीमवर चढवणार, मग रांग. मोठं मूल किंवा विशेष गरजा असलेलं मूल स्वीकारायला तयार असलात तर ते तुलनेने लवकर होऊ शकतं, पण दोन वर्षांच्या आतलं निरोगी बाळ हवं असेल तर रांग काही वर्षांची आहे. मूल सुचवलं गेलं की त्याच्यासाठी आय-८०० हा वेगळा फॉर्म, आणि तो तुमची आय-८००ए ची मंजुरी जिवंत असतानाच भरावा लागतो. त्यानंतर काराची एनओसी, मग जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तकाचा आदेश (सप्टेंबर २०२२ पासून हा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात), मुलाचा पासपोर्ट, आणि शेवटी दिल्लीच्या अमेरिकन दूतावासातून व्हिसा. मूल पुण्याचं असो की कोल्हापूरचं, दत्तकाचा व्हिसा दिल्लीलाच होतो, मुंबईत नाही.

म्हणजे तुमच्यासारख्या केसमध्ये हे ठसे एकदा देऊन काम संपेल असं धरू नका, परत द्यावे लागण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मुदत संपायच्या आधीच्या ९० दिवसांत सप्लिमेंट ३ नावाचा फॉर्म भरून ती वाढवून घेता येते, ९० दिवसांच्या आधी भरला तर घेत नाहीत आणि मुदत उलटून गेल्यावर भरून उपयोग नाही. पहिल्या वेळी त्याची फी नसते. पण सोबत होम स्टडीचं अपडेट लागतं, आणि ठसे परत. मी माझ्याकडच्या जोडप्यांना फ्रिजवर एक तारीख लिहून लावायला सांगते, मंजुरीच्या पत्रातल्या शेवटच्या तारखेच्या चार महिने आधीची. त्या दिवशी मला फोन करायचा. कारण अपडेट लिहायला मलाही वेळ लागतो, नवीन मेडिकल, नवीन पगाराचे कागद, परत घरी एक भेट, हे दोन दिवसांत होत नाही. तीन आठवडे उरलेत म्हणून रडवेल्या आवाजात आलेले फोन मी घेतलेत, काही वेळा जमवलंही, पण त्या तीन आठवड्यांत त्या आईबापाचं काय होतं ते बघवत नाही.

आता सासू-सासरे. हा तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि तो तुम्ही एका ओळीत उरकलाय. ते व्हिजिटर व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेत का ग्रीन कार्डवर कायमचे राहायला आलेत, हे तुम्ही लिहिलेलंच नाही, आणि उत्तर पूर्ण त्याच्यावर आहे. नियम असा की ज्या माणसाचं मुख्य राहतं घर तुमचं घर आहे आणि फॉर्म भरताना ज्याची अठरा पूर्ण झालेली आहेत, तो घरातला सज्ञान सदस्य. त्याचे ठसे लागतात, होम स्टडीत त्याची मुलाखत आणि चेक लागतात, आणि आय-८००ए सोबत त्याच्या नावाने सप्लिमेंट १ जोडावी लागते. सांगलीत स्वतःचं घर आहे, तिथलं लाईटबिल चालू आहे, सहा महिने नातेवाईक म्हणून आलेत आणि परत जाणार, तर त्यांचं मुख्य घर सांगलीचं, साधारणपणे ठसे लागत नाहीत, पण होम स्टडीत 'आईवडील दरवर्षी येऊन राहतात' हे स्पष्ट लिहिलेलं असावं. अधिकाऱ्याला वाटलं की या माणसाचं घरात असणं मुलाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे, तर तो व्हिजिटरबद्दलही विचारू शकतो.

पण ते ग्रीन कार्डवर तुमच्याकडे कायमचे राहत असतील आणि त्यांच्या नावाची नोटीस आली नसेल, तर दोन शक्यता. एक, पाकीट मागेपुढे येतंय, एकाच घरची पाकिटं दोन-चार दिवसांच्या फरकाने येतात, तेवढी वाट बघा. दुसरी, सप्लिमेंट १ भरलीच गेलेली नाही. आज रात्री फॉर्मची तुमच्याकडची कॉपी काढा आणि बघा. नसेल जोडली तर उद्या सकाळी पहिला फोन होम स्टडी करणाऱ्या बाईंना. यूएससीआयएसने विचारायची वाट बघू नका, कारण होम स्टडीत दोन माणसं आणि घरात चार माणसं हे त्यांना नंतर कळलं तर 'आम्हाला माहीत नव्हतं' हे ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नसतं.

आणि वयाची सूट? नाही. यूएससीआयएसच्या दुसऱ्या काही कामांत वयस्कर माणसांना ठशांतून सूट मिळते, त्यावरून लोक धरून चालतात की आजोबांचे ठसे कशाला. आय-८००ए ला वयाची वरची मर्यादाच नाही. ८२ वर्षांचे आजोबा घरात राहत असतील तर त्यांचेही ठसे.

हे घरी सांगणं सोपं नसतं याची मला जाणीव आहे. माझ्याकडे एक कुटुंब होतं, सासरे निवृत्त हेडमास्तर, त्यांना मी ठशांचं सांगितलं तर ते काही बोललेच नाहीत, नुसता चष्मा काढून पुसत बसले, आणि मग हळू आवाजात म्हणाले, "आमच्या गावात अंगठा उठवतो तो सही न येणारा, आणि दहा बोटं उठवतात ती पोलीस ठाण्यात. मी चाळीस वर्षं शाळेत काढली." मला तेव्हा फार वाईट वाटलं. मी त्यांना समजावलं की अप्पा, हे तुमच्यावरच्या संशयाने नाही, जे बाळ अजून कोणाचंच नाहीये त्याच्या बाजूने कोणीतरी विचारायला पाहिजे ना, की या घरात कोण कोण राहतं. आणि मग त्यांना एक सांगितलं जे त्यांना खरंच आवडलं, की ठशांवरून माणूस ओळखायचं जगातलं पहिलं ऑफिस १८९७ साली आपल्याकडे कलकत्त्यात सुरू झालं, अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन आपल्या माणसांनी ठशांची वर्गवारी बसवली आणि नाव झालं त्यांच्या साहेबाचं, हेन्रीचं, आणि तीच पद्धत पुढे कितीतरी वर्षं एफबीआयसुद्धा वापरत होती. अप्पांनी ती दोन्ही नावं वहीत लिहून घेतली. ठशांच्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी गाडीत बसले होते असं सुनेने मला सांगितलं.

आता तुमची बोटं. लॅबमध्ये दिवसभर ग्लोव्ह्ज, दर दहा मिनिटांनी सॅनिटायझर, घरी येऊन भांडी, वर ओहायोचा थंडीतला कोरडेपणा. बोटांवरच्या रेषा म्हणजे कातडीचे बारीक उंचवटे असतात, ते झिजले किंवा कातडी कोरडी पडून तडकली की स्कॅनरला रेषा तुटक दिसते. आपल्याकडे रेशनच्या दुकानात म्हाताऱ्या माणसांचा अंगठा मशीनवर लागत नाही ना, तेच. माझे स्वतःचे पहिल्यांदा परत आले होते. मी त्या वेळी घरीच होते, पण विळीवर रोजचं नारळ-भाजी, उघड्या हातांनी घासलेली कढई, अंगठ्याच्या पेरावर दोन जुने कापलेले व्रण. दुसऱ्या नोटिशीचं पाकीट उघडताना माझे हात थरथरत होते, कारण मला कोणी सांगितलंच नव्हतं की ठसे परत येणं म्हणजे नकार नाही. म्हणून तुम्हाला सांगतेय. ठसे परत येणं म्हणजे 'वाचता आले नाहीत' एवढंच. ते परत बोलावतात. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर रस्ता आहे, ते ठशांच्या ऐवजी तुमचे पोलीस क्लिअरन्स, अॅफिडेव्हिट असे कागद मागू शकतात. त्यात वेळ जातो, राहिलेल्या ठिकाणांची पत्रं गोळा करावी लागतात, पण बोटांच्या रेषा फिकट आहेत म्हणून कोणाचं मूल अडलंय असं माझ्या १४ वर्षांत मी बघितलेलं नाही.

तरी पहिल्याच वेळी निभावायचं असेल तर तयारी आजपासून करा, आदल्या रात्री नाही. रोज झोपताना बोटांना घट्ट क्रीम किंवा व्हॅसलीन लावून वर सुती हातमोजे, दोन-तीन आठवडे सलग. भांडी रबरी ग्लोव्ह्ज घालून, किंवा सरळ मिस्टरांना करू देत महिनाभर. पाणी प्या. ठशांच्या दिवशी सकाळी मात्र क्रीम नको, काचेवर तेलकट डाग उमटतो आणि रेषा भरून जातात. त्या दिवशी सुट्टी घ्या किंवा शिफ्टच्या आधी जा, आठ तास सॅनिटायझर लावून थेट तिथे जाऊ नका. थंडीत गेलात तर आत जाऊन दहा मिनिटं हात एकमेकांवर चोळत बसा, गार बोटांचे ठसे फिकट येतात. एक्झिमा असेल, किंवा कोणी कॅन्सरचं औषध घेत असेल (कॅपेसिटॅबिनसारख्या औषधाने तळहात-बोटांची कातडी सोलून ठसे पुसट होतात), तर डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र सोबत ठेवा, पुढे लागलं तर कामाला येतं.

आणि तुम्ही लग्नाला चाललाय! मेंदी. घरचं लग्न आहे, दिराचं, तुमचे हात मेंदीशिवाय राहणार नाहीत हे मला माहितीये. काढा, पण तळहातावर आणि मागे काढा, बोटांची पुढची पेरं कोरी ठेवा. ती टोकं पूर्ण रंगवायची पद्धत असते ना, ती या वेळी नको. गडद मेंदी असलेल्या बोटांचे ठसे घ्यायला काही ठिकाणी सरळ नाही म्हणतात, आणि घेतले तरी तुमच्यासारख्या आधीच फिकट बोटांवर कशाला अजून एक विघ्न. नवीन तारीख निवडताना परत आल्यापासून दोन-तीन आठवडे सोडून निवडा, म्हणजे मेंदीही उतरेल आणि बोटांना क्रीमचे दिवसही मिळतील.

नावांबद्दल. आपल्याकडे मधलं नाव लग्नाआधी वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, आडनाव बदलतं, आणि काही घरांत तर पहिलं नावसुद्धा बदलतात. इथल्या माणसाला हे समजत नाही, त्याला वाटतं तीन वेगळ्या बायका आहेत. तुमच्या पासपोर्टवर, ग्रीन कार्डवर, लायसन्सवर आणि नोटिशीवर नाव एकच आहे का ते आत्ता बघा. फॉर्मवर 'आधी वापरलेली नावं' या जागी माहेरचं पूर्ण नाव लिहिलंय का तेही बघा, राहिलं असेल तर एजन्सीला सांगा. ठशांच्या दिवशी नोटिशीचा मूळ कागद, मुदत न संपलेलं फोटो ओळखपत्र (तुमच्यासाठी ग्रीन कार्ड, शिवाय पासपोर्ट बॅगेत) आणि मॅरेज सर्टिफिकेटची कॉपी. पत्ता बदलणार असाल तर दहा दिवसांत यूएससीआयएसला कळवायचं असतं, आणि दत्तकाच्या केसमध्ये घर बदललं की होम स्टडीचं अपडेटही आलं, तेव्हा लग्नाहून येऊन मोठं घर बघायचा विचार असेल तर आधी एजन्सीशी बोला.

आता एक असा विषय ज्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी ठशांबद्दल बोलते तेव्हा हे सांगितल्याशिवाय राहत नाही. ठसे एफबीआयकडे गेले की परत काय येतं? कधीही कुठेही अटक झाली असेल आणि ठसे घेतले गेले असतील तर ते. केस काढून टाकलेली असली तरी. वकिलाने 'रेकॉर्ड पुसलं' म्हटलं असलं तरी ते तिथे दिसू शकतं. एका जोडप्यातला नवरा, अतिशय सज्जन माणूस, विद्यार्थी असताना मित्रांबरोबर एका रात्री भांडणात सापडला होता, पोलिसांनी सगळ्यांनाच नेलं, केस दोन महिन्यांत निकालात निघाली. बायकोलाही कधी सांगितलेलं नव्हतं. ठशांची नोटीस आली त्या रात्री त्याने मला मेसेज केला, ताई जरा बोलायचंय. मी म्हटलं, आत्ताच बोल. कोर्टाचा कागद काढला, त्याने स्वतःच्या शब्दांत काय झालं ते लिहिलं, मी होम स्टडीत दुरुस्ती जोडली, आणि मंजुरी आली. तीच गोष्ट यूएससीआयएसला आधी एफबीआयकडून कळली असती तर मुद्दा भांडणाचा राहिला नसता, लपवल्याचा झाला असता, आणि लपवल्यामुळे अर्ज नाकारला तर वर्षभर परत अर्जच करता येत नाही. ही सांगायची जबाबदारी घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाची आहे, म्हणजे सासऱ्यांना, सासूबाईंनाही शांतपणे बसवून विचारायचं, भारतातलं असलं तरी. तुमच्या घरात काही नसेलच, पण विचारलेलं असू दे.

प्रत्यक्ष दिवसाचं फार काही नाही. सिक्युरिटीतून आत, मोबाईल बंद, एक छोटा फॉर्म ज्यात उंची फुटात आणि वजन पाउंडात लिहायचं असतं (सासूबाईंचं घरूनच काढून न्या), मग नंबर. शाई नसते, काच असते. आधी चार बोटं एकत्र, मग अंगठे, मग एकेक बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवून. ते फिरवणं तुम्ही करायचं नाही, समोरची व्यक्ती तुमचं बोट धरून फिरवते, तुम्ही हात सैल सोडायचा. आपण मदत करायला जातो आणि बोट दाबून धरतो, मग ठसा पसरतो आणि परत घ्यावा लागतो. माझ्या वेळी त्या बाई मला तीनदा म्हणाल्या, हात ढिला सोडा, आणि मला काही सोडता येईना, मग त्यांनी माझं मनगट दोन्ही हातांत धरलं आणि विचारलं, मुलगी का मुलगा? मी म्हटलं अजून माहीत नाही. तेवढ्यात बोट फिरवून झालं होतं. तर समोरच्याशी बोला. आणि आधीच सांगा की माझे ठसे मागे दोनदा परत आलेत, हवं तर परत परत घ्या, मी थांबते. बरेच जण मग जास्त काळजीने घेतात, ओला टिश्यू देतात, स्क्रीनवर फिकट दिसला तर तिथल्या तिथे पुन्हा घेतात. निघताना नोटिशीवर ते शिक्का मारून देतात, त्या कागदाचा फोटो काढून लगेच एजन्सीला पाठवा.

सासू-सासऱ्यांचा व्हिसा कोणता आहे आणि सप्लिमेंट १ जोडली होती का, एवढं मात्र बघून मला इथेच लिहा. ते ग्रीन कार्डवर असतील तर नवीन तारीख बदलायच्या आधी लिहा, म्हणजे चौघांना एकाच आठवड्यात कसं बसवायचं ते बघू.